रानभाजीवर जगलेला लेखक : युएल गिबन्स

मागच्या वर्षी जूनमध्ये माझा पहिला लेख एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापून आला. पावसाच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या बाजारात येणाऱ्या रानभाज्यांवर तो होता. आईने कात्रण देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर चिकटवले. मी दोघा मित्रांना कँटीनमध्ये चहा पाजला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पुरवणीच्या संपादकांनी माझ्या नावे आलेले एक पत्र पाठवून दिले. अक्षर जुन्या वळणाचे, मजकूर चार ओळींचा. "आपला लेख वाचून घरी शेवळांची भाजी केली. चौघांचेही घसे धरले. धाकटी नात रात्रभर रडत होती. आपण ही भाजी स्वतः कधी केली आहे काय?"

मी ती भाजी लहानपणापासून दरवर्षी खाल्ली होती. केली मात्र कधीच नव्हती.

शेवळे ज्यांना ठाऊक नाहीत अशा घाटावरच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, रानात जमिनीतून तपकिरी-जांभळट कोंब वर येतात. सुरणाच्या भाऊबंदापैकी एका कंदाचा हा फुलोरा. पान मागाहून येते. ठाकूर-कातकरी बायका त्यांच्या जुड्या बांधून बाजारात आणतात, आणि त्याच टोपलीत बोराएवढ्या हिरव्या, आंबट फळांचे वाटे ठेवतात. ती काकडे. सुरणाप्रमाणेच शेवळांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. म्हणून आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, शेवळे बारीक चिरून तेलावर भरपूर परतायची आणि काकडांचा रस घालून शिजवायची. काकडे नसतील तर चिंच, पण आंबट हवेच. आमच्याकडे हे लहान मुलीलाही माहीत असते.

माझा मूळ लेख नऊशे शब्दांचा होता. पुरवणीची मर्यादा सहाशेची. कात्री माझी मीच लावली. काकडांविषयीची दोन वाक्ये मी काढली, कारण पहिल्या पावसाने उठणाऱ्या मातीच्या वासावर मी जो परिच्छेद लिहिला होता तो काढायला माझा हात धजेना. तो परिच्छेद फार चांगला उतरला आहे असे त्या वेळी मला वाटत होते.

पत्र घेऊन मी इंग्रजीच्या सरांकडे गेलो. ते समजूत काढतील अशी माझी अपेक्षा. त्यांनी पत्र दोनदा वाचले, कपाट उघडले आणि दोन जुनी पुस्तके माझ्यापुढे ठेवली. एक युएल गिबन्सचे 'स्टॉकिंग द वाइल्ड ॲस्परॅगस' आणि दुसरे जॉन मॅक्फी या अमेरिकन लेखकाचे, ज्यात गिबन्सवर एक दीर्घ लेख आहे. "हा माणूस आधी वाच," सर म्हणाले, "आणि मग ठरव, या विषयावर पुन्हा लिहायचे की नाही." प्रस्तुत लेख हा त्या वाचनातून निघालेला आहे.

अन्न, प्रवास आणि रान यांवर कोणाची नोकरी न धरता लिहायचे आणि त्यावर संसार चालवायचा, हा धंदा आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. मराठीत या तीन गोष्टींची खाती वेगळी. प्रवासवर्णन बहुधा सवड आणि साधन असलेल्याने लिहायचे. (वरसईचे गोडसे भटजी याला अपवाद. ते ऐन १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्यासाठी. 'माझा प्रवास' हे पोटासाठी केलेल्या प्रवासाचे पुस्तक आहे.) अन्न हे गृहिणीचे खाते. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली निघाली आणि घरोघर गेली. दुर्गाबाई भागवतांनी 'खमंग' लिहिले, पण त्यांची मुख्य ओळख विदुषीची. रानाचे खाते मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाकडे. लेखणीवर संसार आणि पायांवर लेखणी, असे जगलेले ठळक नाव गो. नी. दांडेकरांचे. गडांवर त्यांनी लिहिले ते तेथे मुक्काम टाकून, आणि नर्मदेवर लिहिले ते परिक्रमा करून. गिबन्स वाचताना मला वारंवार दांडेकर आठवले. दोघांनी कोवळ्या वयात घर सोडले, दोघांनी मिळेल ते काम केले, आणि दोघेही जे चालून आले तेच पुढे लिहीत राहिले. साम्य इथे थांबते. दांडेकरांचा ओढा इतिहासाकडे आणि भक्तीकडे, गिबन्सचा पोटाकडे.

गिबन्सचा जन्म ८ सप्टेंबर १९११ चा, अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या क्लार्क्सव्हिल गावचा. रानातली पाने-फळे ओळखायला तो घरातच शिकला, मुख्यतः आईकडून. पाच वर्षांचा असताना त्याने हिकरीच्या झाडाचे अक्रोडासारखे दाणे आणि हॅकबेरी नावाची गोड बोरे एकत्र कुटून वडी केली आणि तो आपला पहिला पाकप्रयोग, असे तो नंतर सांगे. पुढे दुष्काळात कुटुंब न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात गेले. वडील कामाच्या शोधात दूर निघून गेले. घरात शिल्लक राहिल्या थोड्या शेंगदाण्यासारख्या ठिपकेदार घेवड्याच्या बिया आणि एक अंडे. दहा-बारा वर्षांचा युएल पाठीवर पिशवी टाकून डोंगरात गेला आणि संध्याकाळी अळंबी, चिलगोजासारखे पाईनचे दाणे आणि निवडुंगाची बोंडे घेऊन परत आला. महिनाभर आई आणि भावंडे बव्हंशी त्या पिशवीवर जगली. ही हकीकत त्याच्याच तोंडची आहे, आणि भटक्यांच्या तोंडच्या हकीकती पुन्हापुन्हा सांगताना थोड्या फुगतात हे गृहीत धरायला हवे. तरीही तिच्यातला गाभा खोटा वाटत नाही. त्याच्या सगळ्या लेखनात अन्नाकडे पाहण्याची जी नजर आहे, ती एकदा तरी रिकाम्या डब्यात हात घालून पाहिलेल्या माणसाची आहे.

पंधराव्या वर्षी त्याने घर सोडले. त्यानंतरची वीस वर्षे मी भरभर सांगतो, कारण तीही त्याने तशीच काढली. शेतावर सुगीची कामे, सुतारकाम, सापळे लावून जनावरे धरणे, गुराख्याचे काम, नदीच्या वाळूतून सोने चाळणे. मंदीच्या काळात कॅलिफोर्नियात मालगाड्यांवरून फिरणाऱ्या बेकारांच्या तांड्यात तो होता; तेथेही रानातला पाला खाऊन त्याने दिवस काढले. काही काळ तो कम्युनिस्ट पक्षात होता आणि १९३९ साली रशियाने फिनलंडवर चढाई केली तेव्हा बाहेर पडला. महायुद्धाच्या काळात हवाई बेटांत आरमारासाठी नावा बांधण्याचे काम केले. युद्ध संपल्यावर तिथल्याच किनाऱ्यावर राहिला. मासे, खेकडे, नारळ आणि रानफळे यांवर गुजराण.

आणि मग, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हा माणूस हवाई विद्यापीठात प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसला. मानववंशशास्त्र हा विषय घेतला आणि सर्जनशील लेखनाचे विद्यापीठाचे पारितोषिक मिळवले. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर कधीकधी बसणाऱ्या, नोकरी सांभाळून परीक्षेला येणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे आपण ज्या नजरेने पाहतो ती मला येथे आठवली.

१९४८ साली त्याने फ्रीडा फ्रायर या शिक्षिकेशी लग्न केले. दोघे क्वेकर पंथात गेले, १९५३ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर परतले. इंडियानात सहकारी शेतीची वसाहत उभारण्याचा बेत फसला. मग फिलाडेल्फियाजवळ पेंडल हिल नावाच्या क्वेकरांच्या अभ्यासकेंद्रात त्याला काम मिळाले. तेथे रोज सकाळी सर्वांची न्याहारी तो रांधत असे. लेखक व्हायची इच्छा तरुणपणापासूनची. सुमारे १९६० मध्ये फ्रीडाने त्याला सांगितले की, काम सोड आणि लिही, घर मी चालवीन. पन्नाशीला टेकलेल्या, एकही पुस्तक नावावर नसलेल्या नवऱ्याला असे सांगायला काय धैर्य लागले असेल! मुक्त लेखकांच्या चरित्रांत बहुधा एक पगारदार माणूस दाराआड उभा असतो, आणि त्याचे नाव अर्पणपत्रिकेपलीकडे कुठे येत नाही. आपल्याकडेही ते नाव शोधायला गेले तर पुष्कळदा बायकोचे निघेल.

त्याने लिहायला घेतली कादंबरी. तिचा नायक एक गरीब शाळामास्तर. तो रानातून गोळा केलेल्या जिनसांच्या मेजवान्या देऊन उच्चभ्रू मंडळींना थक्क करतो. हस्तलिखित पाहिलेल्या जाणत्यांनी सल्ला दिला की कादंबरी काढून टाक आणि रानातले अन्न तेवढे ठेव. या सल्ल्याने त्याला काय वाटले असेल याची मी कल्पना करू शकतो. तीस वर्षे जे व्हायचे म्हणून धडपडला ते नको, आणि भुकेच्या पायी जे शिकावे लागले तेवढे हवे! त्याने सल्ला मानला. 'स्टॉकिंग द वाइल्ड ॲस्परॅगस' १९६२ साली निघाले तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. त्याच वर्षी रेचेल कार्सनचे 'सायलेंट स्प्रिंग' निघून कीटकनाशकांविरुद्ध हाकाटी उठली होती. डबाबंद अन्नाला विटलेला एक वाचकवर्ग तयार होत होता. पुस्तक लगेच खपले.

पुस्तकाच्या नावाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ॲस्परॅगस ही आपल्या शतावरीची पाश्चात्य बहीण. तिचे कोवळे कोंब खातात. बारा वर्षांचा असताना तो पाटाच्या कडेने मासे धरायला चालला होता. वाटेत रानात वाढलेल्या ॲस्परॅगसचा एक गड्डा दिसला. कोंब तोडून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की त्या गड्ड्याशेजारी गेल्या वर्षीचे वाळलेले काटूक उभे आहे. तो तेथेच बसला आणि ते वाळके काटूक डोळ्यांत पक्के बसेपर्यंत बघत राहिला. मग उठून पाटाच्या काठावर नजर टाकली तर तसली वाळकी काटके जागोजाग उभी; प्रत्येकाच्या बुडाशी कोवळे कोंब. तोवर तो त्यांच्या मधून चालत आला होता आणि त्याला एकही दिसला नव्हता. माझी आजी करटोल्यांचा वेल गेल्या साली कुठे चढला होता ते ध्यानात ठेवून पावसाळ्यात नेमकी तिथे जाते. ही तीच विद्या. गिबन्सने ती शब्दांत मांडली, आणि मांडताना तिच्यातली एकही पायरी गाळली नाही.

आता त्याच्या लेखनाविषयी. प्रत्येक प्रकरण बहुधा एका वनस्पतीवर. ती कोठे मिळते, कोणत्या महिन्यात, तिच्यासारखी दिसणारी घातक वनस्पती कोणती, कोणता भाग घ्यायचा, किती पाणी बदलायचे, मग पाककृती, आणि शेवटी चव. चव वाईट असेल तर तसे स्पष्ट. पोकवीड नावाची एक भाजी आहे. तिचे कोवळे कोंब पाणी बदलून उकडले तर खाद्य, मूळ आणि वाढलेला पाला विषारी. तिच्यावर लिहिताना पाणी फेकून देण्याविषयी तो जे लिहितो त्यात शब्दांची कसलीही नजाकत नाही. दलदलीत वाढणाऱ्या पाणकणसावर मात्र तो रंगून लिहितो: कोवळे कोंब, हिरवी कणसे, पिठात मिसळायचे पराग, खालच्या गड्ड्यातले सत्त्व. ते आपल्या तळ्यांतही वाढते, आणि आपण त्याच्याकडे पाहतही नाही.

घोळीच्या भाजीवरचे प्रकरण वाचताना मी खुर्चीतून उठलोच. आमची आजी ताक घालून करते ती घोळ! गिबन्स तिला हिंदुस्थानने जगाला दिलेली देणगी म्हणतो. अमेरिकन माणूस ती बागेतून तण म्हणून उपटून फेकतो याचे त्याला नवल वाटते. चाकवताचेही तेच. आमच्या घरात या भाज्या 'आज दुसरे काही नाही' म्हणून होतात आणि पाहुणे असले तर होत नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाच्या पुस्तकात त्यांना मानाचे पान मिळालेले पाहून मला आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली.

मॅक्फीचा लेख १९६८ सालचा, 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातला. नोव्हेंबरच्या थंडीत तो आणि गिबन्स सस्क्वेहाना नदीवर होडीतून आणि पुढे अपालाचियन डोंगरवाटेने काही दिवस फिरले. सोबत अन्न न्यायचे नाही, जे रानात मिळेल तेच खायचे. डँडेलियनचा पाला, पाण्यातली हळिवासारखी तिखट भाजी, सूर्यफुलाच्या एका जातीचे कंद, अक्रोड, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली पर्सिमनची फळे, पुदिन्याचा चहा. प्रवास संपल्यावर वजन केले तर दोघांचेही किंचित वाढलेले! या लेखात मला सर्वांत आवडला तो मॅक्फीचा संयम. गिबन्सला तो ऋषी बनवीत नाही. होडी वल्हवताना कुडकुडणारा, पाय लांब असलेला, खूप बोलणारा आणि बरेच सोसलेला एक प्रौढ माणूस आपल्याला दिसतो.

धंद्याच्या अंगानेही गिबन्सकडे पाहिले पाहिजे, नाहीतर आपण त्याला नुसता निसर्गप्रेमी करून टाकू. पहिल्या पुस्तकामागोमाग १९६४ मध्ये समुद्रकाठच्या अन्नावर दुसरे, १९६६ मध्ये औषधी व पौष्टिक पाल्यावर तिसरे, १९६७ मध्ये हवाईच्या किनाऱ्यावरच्या दिवसांवर चौथे. शिवाय सेंद्रिय शेतीच्या मासिकात सदर, व्याख्याने, आणि १९७२-७३ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'साठी दोन मोठे लेख, एक निर्जन बेटावरचा आणि एक पश्चिमेकडच्या राज्यांतला. म्हणजे एकच विद्या. कधी ती पाटाच्या काठी, कधी समुद्रावर, कधी वाळवंटात नेऊन उभी केली. एका भटकंतीतून एक लेख निघाला तर मुक्त लेखक उपाशी मरतो; तीच भटकंती सदरात, पुस्तकात आणि व्याख्यानात वेगवेगळ्या अंगांनी यावी लागते. माझा हिशेब सांगतो. माझ्या लेखासाठी मी चार वेळा बाजारात गेलो, एकदा वाडीवर गेलो, एस.टी.चे भाडे आणि विकत घेतलेल्या जुड्या धरून पाचशेच्या वर गेले. मानधन तीनशे रुपये, तेही दिवाळीत. त्यात ऋतूची अडचण निराळी. शेवळे बाजारात दिसू लागल्यावर लिहायला बसावे तर लेख छापून येईपर्यंत शेवळे संपतात. म्हणजे यंदाच्या जूनमध्ये पाहायचे, टिपून ठेवायचे आणि पुढच्या मे महिन्यात द्यायचे. वर्षभर पैसा अडकून राहतो. दिवाळी अंकासाठी भर पावसाळ्यात मजकूर मागतात. थंडीतल्या भटकंतीवर तेव्हा लिहायचे ते आदल्या वर्षीच्या वहीवरून. वही नसेल तर कल्पनेवरून, आणि कल्पनेवरून लिहिलेले अन्न कसे लागते हे मला पत्राने कळवलेच आहे.

गिबन्सच्या आयुष्यातला पुढचा भाग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. १९७४ च्या सुमारास तो दूरदर्शनवर एका न्याहारीच्या तयार धान्याच्या, 'ग्रेप-नट्स'च्या, जाहिरातीत दिसू लागला. रानात उभा राहून तो विचारी की, तुम्ही कधी पाईनचे झाड खाल्ले आहे काय? पुष्कळ भाग खाण्याजोगे असतात. आणि मग डब्यातल्या त्या धान्याची चव आपल्याला रानातल्या हिकरीच्या दाण्यांची आठवण करून देते, असे सांगे. एका रात्रीत सारी अमेरिका त्याला ओळखू लागली. विनोदी कार्यक्रमांतून झाड खाणारा माणूस म्हणून त्याच्यावर विनोद सुरू झाले. तोही हसत हसत त्यांत सामील होई. त्याने जाहिरात घेतली म्हणून मी त्याला दोष देणार नाही. ज्याने एका अंड्यावर घर चाललेले पाहिले आहे त्याने साठी ओलांडल्यावर चार पैसे नाकारावेत, असे सांगणारा मी कोण? आमच्यातल्या चर्चेत एका मित्राने "विकला गेला" हा शब्द वापरला. मला तो सोपा वाटतो.

अडचण दुसरीकडे आहे. पुस्तकात पाईनविषयी लिहायला त्याला पाने होती: कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कसा शिजवायचा. जाहिरातीत होते तीस सेकंद. 'पुष्कळ भाग खाण्याजोगे असतात' एवढे त्यात बसले. कोणते नसतात ते बसले नाही. १९७५ साली अमेरिकेच्या व्यापारविषयक सरकारी आयोगाने या जाहिरातींवर हरकत घेतली. पाहणारी मुले त्याचे बघून रानातली ओळखीची नसलेली, कदाचित विषारी झाडे तोंडात घालतील, असे आयोगाचे म्हणणे होते, आणि तशा जाहिराती दाखवू नयेत असा आदेश निघाला. हा मजकूर वाचताना मी पुस्तक मिटले. आयुष्यभर पाणी किती वेळा बदलायचे ते न चुकता सांगणाऱ्या माणसाचेही जागेच्या टंचाईत तेच झाले होते जे माझ्या सहाशे शब्दांत झाले. कथा-कादंबरीत लेखक चुकला तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते. अन्नावर लिहिणाऱ्याचे वाक्य वाचकाच्या घरात चुलीवर चढते. त्याला दिलेल्या जागेत आधी काकडे बसवायची आणि उरलेल्यात मातीचा वास, हा क्रम मी उलटा लावला होता.

२९ डिसेंबर १९७५ रोजी गिबन्स वारला, वय चौसष्ट. मुख्य रक्तवाहिनीला आलेला फुगवटा फुटून मृत्यू आला. पण रानातले काही विषारी खाऊन तो मेला अशी अफवा उठली आणि ती फार काळ टिकली. चाळीस वर्षांहून अधिक काळ जो चुकला नाही, तो शेवटी चुकला असे लोकांना मानायचे होते. विनोदांनी त्याची वाट आधीच करून ठेवली होती.

असो. माझ्या पत्राचे काय झाले ते सांगून थांबतो. मी दुरुस्तीचा मजकूर लिहून पाठवला. तो महिन्याने, जागा शिल्लक राहिली तेव्हा, दोन ओळींत छापला गेला; तोपर्यंत शेवळे केव्हाच संपली होती. तेव्हा यंदा मे महिना संपताच आजीला म्हटले, मला भाजी करायला शिकव. ती म्हणाली, "लिवलंस तवा इचारलं नाहीस ता!" आणि विळी पुढे सरकवली. दोन जुड्या साफ करायला मला दीड तास लागला. बोटे खाजली. पिवळा भाग कुठवर काढायचा हे सांगता येत नाही, आजीने हात धरून दाखवले. काकडे किती, तर जुडीला मूठभर. आजीची मूठ नव्हे, माझी, कारण तिची लहान आहे. हे सगळे मी वहीत टिपले. तिसऱ्या खेपेला आजीने चव पाहून मान हलवली.

चौथ्या खेपेची भाजी डब्यात घालून मी पत्रावरच्या पत्त्यावर गेलो. पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक निघाले. मी नाव सांगितले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि आत बोलावले. डबा उघडून वास घेतला, काकडे आहेत का विचारले. मग एक ताटली माझ्यापुढे सारून म्हणाले, "आधी तुम्ही खा."

मी भाकरीच्या तुकड्याशी चार घास खाल्ले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि माझ्याशी कॉलेजविषयी बोलत बसले. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मला पाणी मागावेसे वाटले, पण मागितले तर त्यांचा गैरसमज होईल म्हणून मागितले नाही. शेवटी त्यांनी आतल्या दाराकडे वळून नातीला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, डब्याकडे पाहिले, आणि आजोबांना विचारले, "हेच का ते?"